सत्तावीस मार्कांची पोरगी

मी जळकुकडी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला वाटायला नको की सिस्टर म्हणजे मोठी सेवाभावी वगैरे. नागपुरातल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली नऊ इन्चार्ज म्हणून. एवढ्या वर्षांत कोणाचा पगार, कोणाचं घर, कोणाचा नवरा पाहून मला कधी जळलं नाही. जळलं ते एका चोवीस वर्षांच्या पोरीपायी आणि तिच्या हातातल्या कागदापायी.

ती यायच्या आधी आमच्याकडे असं होतं. बारा खाटा. मोठे सर सकाळी राउंडला यायचे, फाइल पाहायचे, रिपोर्ट पाहायचे, सोबतच्या डॉक्टरांना चार प्रश्न विचारून त्यांचा घाम काढायचे आणि सगळं झालं की माझ्याकडे मान वळवायचे. 'सिस्टर, काय म्हणता?' बस, एवढंच. मी म्हणायची, 'निघेल, सर.' नाहीतर म्हणायची, 'जड आहे, सर.' चादर चिमटणारे हात मला कळायचे, गुडघ्यावर चढणारा निळसरपणा कळायचा, काही पेशंटच्या घामाला जो वास सुटतो तो दारातून कळायचा. आणि माझं खरं निघायचं, निदान मला तसंच आठवायचं.

नातेवाईकांना पण ते माहीत झालं होतं. डॉक्टरांनी अर्धा तास समजावून सांगितलेलं बाजूला ठेवून लोक मला व्हरांड्यात गाठायचे. 'ताई, तुम्ही सांगा.' मी लगेच सांगायची नाही. जरा थांबायची, मग सांगायची. खोटं काहून बोलू, मला ते थांबणं लय आवडायचं.

मग खापरखेडावाली आली. तिचे वडील तिकडच्या वीज केंद्रात कामाला, राहणं कॉलनीत, रोज बसनं येणं-जाणं. तिच्याच नावाची दुसरी एक सिस्टर आमच्याकडे आधीपासून होती, म्हणून सगळे हिला खापरखेडावाली म्हणायला लागले. बारीक अंगाची, चष्मेवाली, बोलणं हळू, हात मात्र चपळ. पहिल्या महिन्यात मला ती आवडली होती, हे पण सांगायला पाहिजे.

त्याच सुमारास सरांनी ठरवलं की येणाऱ्या प्रत्येक पेशंटचा स्कोर काढायचा. पहिल्या चोवीस तासांतले सगळ्यात वाईट आकडे घ्यायचे. ताप, नाडी, बीपी, रक्तातला ऑक्सिजन, सोडियम-पोटॅशियम, किडनीचा रिपोर्ट, वय, आणि पेशंटला शुद्ध किती आहे ते. प्रत्येक गोष्टीला मार्क. फक्त शाळेच्या उलट, इथे मार्क जितके जास्त तितका पेशंट जड. बेरीज झाली की तशा पेशंटांपैकी साधारण किती वाचतात याचा अंदाज निघतो. हे काम सरांनी खापरखेडावालीकडे दिलं, कारण ती एक रकाना रिकामा सोडायची नाही. रिपोर्ट आला नसेल तर लॅबमध्ये स्वतः जाऊन उभी राहायची.

एक दिवस सर राउंडला पाच नंबरच्या खाटेशी थांबले. फाइल मिटली. मी तोंड उघडलं. पण सरांची मान माझ्याकडे वळलीच नव्हती. 'किती?' त्यांनी तिला विचारलं. 'एकोणीस, सर,' ती म्हणाली. सर 'हं' म्हणून पुढच्या खाटेकडे गेले. मी तोंड तसंच उघडं ठेवून उभी. आमच्या आयाबाईनं ते पाहिलं आणि पटकन पायाकडची चादर नीट करायला लागली.

नंदनवन भागातल्या घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. 'तुझी सवत आली म्हण की.' त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं आणि मी मुद्दाम टाकलं नाही असं मी आजही म्हणते.

तिच्यात खोट असती तर बरं झालं असतं. एकदा चहाच्या वेळेला तिनं मला विचारलं, 'मॅडम, तुमचा अंदाज चुकते तेव्हा तुम्ही कुठं लिहून ठेवता का?'

'काहून?' मी म्हटलं.

'म्हणजे किती वेळा बरोबर येते ते कळलं असतं. माझा स्कोर कुठं कुठं चुकते ते मी लिहून ठेवते.' आणि तिनं पर्समधून लहानशी डायरी काढून दाखवली. पानंच्या पानं तिच्या स्वतःच्या चुका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

'मी चुकत नाही,' मी म्हटलं.

'हाव, मॅडम,' ती म्हणाली. टोमणा मारला असता तर मी झाडलं असतं तिला. पण तिनं ते खरंच मान्य करून टाकलं आणि बिस्कीट चहात बुडवलं. मी तिच्या ड्युट्या बदलायला सुरुवात केली ती त्याच महिन्यात. सरांचा राउंड सकाळी, म्हणून तिला दुपार द्यायची. सण आला की तिला बोलवायचं. तरी सर जाता जाता विचारायचेच, 'स्कोर काढून ठेवला ना तिनं?' आणि तिनं आदल्या दिवशी काढून फाइलला लावलेला असायचा, गोल अक्षरात, खाली सही.

पोळ्याच्या तीन दिवस आधी सावनेरच्या पुढच्या एका खेड्यातली पोरगी आमच्याकडे आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठली, मग पापण्या उचलेनात, मग बोलणं जड झालं, गिळता येईना. सावनेरला नेईपर्यंत श्वास थांबत आला होता. तिथल्या डॉक्टरांनी वेळेवर घशात नळी टाकली म्हणून इथवर पोहोचली. आमच्याकडे आली तेव्हा बोट हलत नव्हतं. चिमटा काढा, आवाज द्या, काही नाही. बुबुळं मोठी झालेली, टॉर्च मारला तरी तशीच. डोक्याचा स्कॅन साफ. अंगावर कुठंही दंश नाही.

सर म्हणाले, साप असू शकतो, मण्यार चावली की खूण दिसतच नाही बहुतेक. सापाचं औषध दिलं. काही फरक पडला नाही. मग दुसरी शक्यता उरली, ती आम्ही सगळे मनात धरून होतो. श्वास थांबला तेव्हा मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल, आणि तसं असेल तर संपलं.

खापरखेडावालीला मी दुपारच्या ड्युटीवर टाकलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या राउंडला हजर. सरांनी विचारलं, 'किती?'

'सत्तावीस,' ती म्हणाली. आणि मग जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. 'पण सर, यातले बारा मी धरत नाही.'

सर थांबले. ती आपल्या त्या हळू आवाजात सांगायला लागली. 'शुद्धीचे बारा आहेत ते. पेशंट हलत नाही म्हणून आपण पूर्ण बेशुद्ध लिहिलं. पण मण्यारच असेल तर अंग लुळं पडते, पापणी उचलत नाही, बुबुळ पण हलत नाही. पेशंट आतून जागा राहू शकते. ऐकू येत असेल तिले सगळं. मंग ते बारा मार्क खोटे झाले, सर. पंधराच राहतात. तिच्या आईले विचारलं मी, पोरगी खालीच झोपली होती, जमिनीवर. मण्यार अशीच चावते, खाली निजलेल्याले, झोपेत.'

आता पाहा माझं. सहा महिने मी त्या स्कोरला नावं ठेवली होती. कागदावर माणूस मावत नाही, हे माझं रोजचं वाक्य. पण ती स्कोरच्या विरुद्ध बोलली आणि मी त्याच क्षणी स्कोरच्या बाजूनं झाली. 'सर, नियम तर नियमच ना,' मी म्हटलं. 'आपल्या मनानं मार्क कमी करायचे असतील तर मग कागद पाहिजेच कशाला?'

'नियमानं सिस्टर बरोबर आहेत,' सर म्हणाले. मग पोरीकडे बराच वेळ पाहून म्हणाले, 'पण शक्य आहे. थांबून पाहू.' आणि पुढे गेले. मला त्यांच्या बोलण्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं, दुसरं मी ऐकलंच नाही म्हणा.

राउंड संपल्यावर पोरीच्याच खाटेशी उभं राहून मी आयाबाईला म्हटलं, 'हिचं काही खरं नाही. पोळा होऊ दे, ही खाट रिकामी होते. खालच्या मजल्यावरच्या त्या बाबाला वर घेऊन टाकू.' आवाज खाली करायचं मला सुचलं पण नाही. माझ्या लेखी तिथे ऐकणारं कोणी नव्हतं.

खापरखेडावाली मात्र दुपारी आली की हात धुऊन पहिले तिच्या कानाशी जायची. 'मी आली वं. ऐकू येते ना तुले? घाबरू नको. मशीन श्वास घेऊन राहिली आहे तुझ्यासाठी. पायाचा अंगठा हलवून पाहा बरं.' मग पाय धरून बसायची, पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही हलायचं नाही. 'उद्या पाहू,' असं तिला सांगून उठायची. मी एकदा सगळ्यांदेखत म्हटलं, 'भिंतीशी बोलून राहिली का?' दोघी-तिघी हसल्या. ती पण हसली आणि पोरीच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून पापण्यांवर पट्टी लावली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी पोरीच्या आईनं मला व्हरांड्यात गाठलं. तीन दिवस ती चटईवर बसून होती. सोबत पोरीचा मामा. बाई जवळ आली, हात जोडले. 'जयभीम, ताई. सर म्हणते थांबू. हा म्हणते किती दिवस असं नळ्यांत ठेवायचं पोरीले. मले काही समजत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.'

मी थांबली. ते माझं आवडतं थांबणं. मग म्हटलं, 'घरी घेऊन जा, बाई. लेकराचे हाल होऊन राहिले नुसते.'

घरी नेणं म्हणजे काय ते इथं सांगायला पाहिजे. असे पेशंट लोक नेतात तेव्हा गाडीत हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास देत नेतात, अंगणात खाट टाकतात, सगळे जवळ येतात आणि मग नळी काढतात. दहा मिनिटं लागतात. मला हे माहीत होतं आणि ते माहीत असून मी बोलली. मला खरंच वाटत होतं का की ती वाचणार नाही? बारा आणे वाटत होतं. उरलेले चार आणे खापरखेडावालीसाठी होते. तिच्या त्या डायरीत एक चूक माझ्यामुळे लिहिली जावी, एवढंच मला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला निघणारी नागपुरातली मोठी मिरवणूक. शहराचा अर्धा भाग मिरवणुकीत आणि उरलेला बंद रस्त्यांत अडकलेला. सकाळच्या पाळीला निम्म्या सिस्टर पोहोचल्याच नाहीत. मामानं ठरवलं होतं, पोरीला आज नेणार. सर सुट्टीवर होते, त्यांनी फोनवर आईला समजावून पाहिलं, आणखी दोन दिवस द्या म्हणाले. आई फोन कानाला लावून माझ्याकडे पाहत होती. फोन ठेवला आणि म्हणाली, 'नेतो आम्ही.' ड्युटीवरच्या डॉक्टरनं कागद तयार केला, आपल्या मर्जीनं नेतो म्हणून. मामानं सही केली. गाडी साडेअकराला येणार होती.

पोरीला जाण्याआधी स्वच्छ करून द्यावं म्हणून मी स्वतःच स्पंज करायला घेतलं. माणसं नव्हतीच. कोमट पाण्यात टॉवेल पिळला, तोंड पुसलं, हात पुसले, पाठ आयाबाईच्या मदतीनं पुसली. आयाबाई पाणी बदलायला गेली. साडेदहा वाजले असतील. मी डाव्या पायाच्या बोटांमधून टॉवेल फिरवत होती, अंगठा माझ्या चिमटीत होता.

तो हलला. खाली गेला, माझ्या बोटाला दाबून.

माझा हात थांबला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. पापण्यांवर पट्टी, ओठांत नळी, चेहरा तसाच. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'बाई, पुन्हा हलव.' एक वाक्य. पण ते म्हटलं असतं तर तो पुन्हा हलला असता, आणि हलला असता तर खापरखेडावाली खरी झाली असती. सरांसमोर, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून. मी अंगठा सोडला. पाय पुसला, चादर ओढली आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर मी तीन तास काम केलं. गजब काम केलं त्या दिवशी. औषधांचं कपाट आवरलं, रजिस्टर लिहिलं, बारा नंबरच्या पेशंटची पट्टी बदलली. मनात स्वतःला समजावत होती, की असे झटके येतात, मेलेल्या मेंदूच्या पेशंटचा पाय पण उडतो, बावीस वर्षांत किती पाहिले. झटका कसा असतो आणि दाबणं कसं असतं हे बावीस वर्षांत मला कळलं नव्हतं असं थोडंच. मी घड्याळाकडे पाहत होती. दोनला खापरखेडावाली येणार. त्याच्या आत पोरगी गेलेली असेल. मला जितकी लाज वाटत होती तितकीच घाई पण झाली होती, दोन्ही एकाच वेळेला, हे कोणाला पटणार नाही.

गाडी मिरवणुकीपायी इतवारीकडे अडकली होती. साडेअकराचे साडेबारा झाले, एक झाला. दीड वाजता स्ट्रेचर आलं. डॉक्टर फुगा घेऊन उभे राहिले. मामानं पोरीच्या चपलांची पिशवी उचलली. आई खाटेशी आली, कंगव्यानं पोरीचे केस मागं घेतले आणि तिच्या कानाशी बोलली. 'घरी जाऊन राहिलो आपण, माय. आता काही तरास नाही तुले.'

मॉनिटरवर नाडी अठ्ठ्याऐंशी होती. ती शंभर झाली. मग एकशे वीस, मग एकशे चाळीस. मशीनची घंटी वाजायला लागली. पट्टीच्या खालून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. आईनं ते पदरानं पुसलं, तिला वाटलं डोळ्यातलं औषध आहे. मग मात्र माझ्याच्यानं झालं नाही.

'थांबा,' मी म्हटलं. 'कोणी हात लावू नका तिले.' पायाशी गेली, चादर वर केली. 'बाई, ऐकू येत असेल तर डावा अंगठा हलव.'

हलला. डॉक्टरनं पाहिला, मामानं पाहिला, स्ट्रेचरवाल्यांनी पाहिला. आई जमिनीवर बसली. मामानं सही केलेला कागद डॉक्टरच्या हातातून ओढून घेतला, त्याचे तुकडे केले आणि ते तुकडे खिशात घातले. डॉक्टर सरांना फोन लावायला धावले. फोनवर ते म्हणत होते, 'सर, मॅडमनी पकडलं. मॅडमच्या लक्षात आलं.' मी ते ऐकत उभी होती.

दोन वाजून गेल्यावर खापरखेडावाली आली. रस्ते बंद म्हणून बस लांबच सोडून दिली होती, तिथून चालत, घामानं चिंब. डॉक्टरनं दारातच तिला सांगितलं. ती पर्स पण न ठेवता खाटेशी गेली, पाय धरला. 'मी आली वं. हलव बरं.' हलला. ती हसायला लागली, हसता हसता चष्मा काढून रडायला लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'मॅडम, बरं झालं तुम्ही होत्या.'

कसला म्हणून कडूपणा नव्हता त्यात. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगितलं होतं ना. ते तिनं कधीच म्हटलं नाही, आणि त्यामुळे मला ती आणखीनच नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी सर आले. पोरीच्या खाटेशी उभे राहिले, तिच्याशी बोलले, अंगठा हलवून घेतला. फाइल मिटली आणि सगळ्यांच्या मधून मान माझ्याकडे वळवली. 'सिस्टर, काय म्हणता?'

'निघेल, सर,' मी म्हटलं.

'हे कुठल्या स्कोरमध्ये येत नाही,' सर शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले. 'ही नजर लागते.' आपली पाळी नसताना आलेल्या खापरखेडावालीनं मान हलवली, खरंच पटल्यासारखी. तिनं बारा मार्क नाकारले होते हे सरांच्या लक्षात राहिलं नव्हतं, ती स्वतः सांगणार नव्हती, आणि आठवण करून देणारी उरली एकटी मीच. मी गप्प बसली. कितीतरी महिन्यांनी मला त्या दिवशी शांत झोप लागली, हे पण लिहूनच टाकते.

नवव्या दिवशी पोरीच्या घशातली नळी निघाली. आधी पापण्या उचलल्या, मग मान, मग हात. मग तिला खालच्या वॉर्डात हलवलं. मी खाली जायचं टाळत होती, काम आहे म्हणायची. घरी जायच्या दिवशी आईनं दोनदा निरोप पाठवला, ताईला भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणून. शेवटी गेली.

पोरगी खाटेवर बसली होती. सलवार-कमीज घातलेला, केसांची वेणी. आईनं मला पाहिलं आणि तिचं तोंड फुललं. 'ही पाहा, ह्याच त्या ताई.' औषधांच्या चिठ्ठीवर शिक्का मारून आणायला ती काउंटरकडे गेली आणि आम्ही दोघीच उरलो.

पोरीचा आवाज नळीमुळे बसलेला होता. 'तुमचा आवाज मले ओळखू येते, ताई,' ती म्हणाली. 'सगळ्याईचाच येते. खाट कोणाले द्यायची ते पण ऐकलं होतं मी.'

मी काहीतरी बोलायला गेली. तिनं बोलू दिलं नाही, किंवा तिला कळलंच नाही की मी बोलणार होती.

'ती दुसरी ताई रोज म्हणायची हलव, हलव. मी लय जोर लावायची, हलतच नव्हता. हलला तर तुमच्या हातात. अंग पुसून राहिल्या होत्या तुम्ही तेव्हा.' ती घोटभर पाणी प्यायली. 'तुमचा हात थांबला होता. मले समजलं, ताईले कळलं. मले वाटलं, आता सांगतील. मंग मी वाट पाहत राहिली.'

वॉर्डात पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाई सफरचंद चिरत होत्या. मी पोरीच्या हाताकडे पाहत होती, सलाईनच्या सुयांनी हिरवा-निळा झालेला.

'आईले नाही सांगितलं मी,' ती म्हणाली.

तेवढ्यात आई आलीच. कागद पिशवीत घातले, पोरीच्या खांद्याला हात लावला. 'पाया पड वं ताईच्या. त्याईच्यामुळे वाचली तू.'

पोरगी खाटेवरून उतरली. पाय अजून थरथरत होते. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हटलं. तिची आई डोळे पुसत मला पुन्हा पुन्हा सांगत होती, ताई, तुम्ही होत्या म्हणून. वर आयसीयूत खापरखेडावाली नव्या पेशंटचे आकडे भरत होती, जिना चढून दोन मिनिटं लागली असती. खरं तर आईला तिथंच एक वाक्य पुरलं असतं, मी नाही, वरच्या त्या पोरीनं ओळखलं म्हणून. माझ्या तोंडून ते तेव्हाही निघालं नाही.